घरकुलाचा स्लॅब टाकण्याआधी धुराड्याची जागा सोडा

महोदय,

थंडी पडली की मराठवाड्यात घरात गॅस असला तरी चूल पेटतेच. अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवर उरकल्या तर सिलिंडर आणखी काही दिवस पुरतो, हा घरोघरचा हिशेब आहे. अडचण होते ती नव्या घरकुलांत. जुन्या माळवदाला साणे, म्हणजे छतातले धूर जायचे भोक, असायचे, पत्र्याच्या घरात निदान पत्र्याखालच्या फटीतून धूर निघून जायचा. आता प्रधानमंत्री आवास किंवा रमाई आवासमधून जे स्लॅबचे घर उभे राहते, त्यात धुराला वाटच नसते. प्रधानमंत्री आवासच्या २५ चौरस मीटरमध्ये स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे, पण त्या जागेवर धुराडे काढलेले क्वचितच दिसते. एकदा स्लॅब पडला की तो फोडताना गज कापले जातात, पावसाळ्यात गळती लागते. म्हणून कोणी फोडत नाही आणि घरातली बाई वर्षानुवर्षे धुरात बसते.

हे टाळायला स्लॅबच्या आदल्या दिवशी तासाभराचे काम पुरते. चुलीची जागा नक्की करून तिच्या मागच्या कडेच्या बरोबर वर सहा इंची पत्र्याची नळी सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्यांवर, उभी करावी. गज कापू नयेत, नळीच्या दोन्ही अंगांना सरकवून बांधावेत आणि चारी बाजूंनी एकेक जादा गज द्यावा. गच्चीवर नळीभोवती तीन इंच उंचीचा कट्टा करावा. या नळीतून चार इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी, पाइप वर न्यायचा. मधल्या फटीत सिमेंट भरू नये. पाइप तापून फुगतो, सिमेंटला तडा जातो आणि तिथूनच पाणी उतरते. फटीत ग्लासवूल ठासून वर पत्र्याची छत्री पाइपला क्लॅम्पने आवळावी. छत पत्र्याचे असेल तर लाकडी वासे-आढे पाइपपासून हातभर लांब हवेत. जुने ॲस्बेस्टॉसचे पाइप स्वस्तात मिळतात, पण ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते. ते घेऊच नयेत.

पाइप चार इंचीच का? १९८०च्या दशकात सरकारी योजनेतून गावोगाव निर्धूर चुली बसल्या. ती योजना २००२ साली बंद झाली. त्या चुलींना बहुधा तीन इंची पाइप असायचा. तीन इंची पाइपात चहूबाजूंनी पाव इंच काजळी धरली की जवळपास तिसरा हिस्सा वाट बंद होते आणि धूर चुलीच्या तोंडातून घरात येतो. चार इंची पाइपाची वाट मुळातच पावणेदोन पट मोठी असते. तरीही महिन्यातून एकदा वरून दोरीला चिंध्यांचा गोळा आणि वजन बांधून पाइप झाडावाच लागतो. त्यासाठी पाइपाच्या बुडाशी झाकण असलेली खिडकी ठेवावी, काजळी तिथून काढता येते.

स्लॅब आधीच झाला असेल तर पाइप भिंतीतून बाहेर काढावा. आडवा तुकडा दोन फुटांपेक्षा लांब नको आणि काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड घालावेत. बाहेर काढून पाइप तिथेच सोडणे ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. वारा आला की सगळा धूर उलटा घरात. पाइप गच्चीच्या कठड्याच्या वर तीन फूट गेलाच पाहिजे, आणि वरची टोपी तोंडापासून किमान चार इंच उंच हवी.

आता चुलीचे माप. ते माणसांवरून नव्हे, रोजच्या भांड्यावरून धरावे. चार-पाच माणसांच्या घरातले पातेले साधारण नऊ-साडेनऊ इंच रुंद असते. त्याला पुढच्या चुलीचे भोक आठ इंच, जळण ठेवायच्या जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत साडेसात-आठ इंच, तोंड सहा इंच रुंद आणि पाच इंच उंच. जाळीपासूनचे हे अंतर कमी पडले तर जाळ थंड बुडाला आपटून काजळी धरतो, जास्त झाले तर जाळ पोचत नाही आणि जळण वाया जाते. पुढच्या चुलीतून वैलाकडे, म्हणजे मागच्या दुसऱ्या भोकाकडे, जाणारा बोगदा किंचित चढता आणि कुठेही पाइपापेक्षा अरुंद नसावा. वैलावर कायम भांडे किंवा झाकण हवे. ते उघडे राहिले की धुराडे तिथूनच हवा ओढते आणि पुढच्या चुलीची ओढ जाते.

बाहेरून आणलेले चुलींचे नमुने आपल्याकडे भाकरीवर अडतात. भाकरी तव्यावर पाण्याच्या बाजूने उलटली की शेवटी आरासमोर, म्हणजे निखाऱ्यांसमोर, उभी करून फुगवायची असते. चार-पाच इंचांच्या बंद तोंडातून आर पुढे ओढता येत नाही, म्हणून बायका तोंड फोडून मोठे करतात आणि धुराचे सगळे गणित बिघडते. दोष त्यांचा नाही, नमुन्याचा आहे. तोंड सांगितल्या मापाचेच ठेवून त्याच्यापुढे नऊ-दहा इंचांचा सपाट ओटा बांधला, त्याला दोन्हीकडून तीन इंचांच्या कडा दिल्या, की आर तिथे ओढून भाकरी शेकता येते.

चुलीला काळी माती वापरू नये. वाळली की भेगाळते. वारुळाची किंवा तांबडी माती, त्यात गव्हाचा भुसा आणि शेण, दोन-तीन दिवस भिजवून तुडवलेली, उत्तम. जुन्या पांढरीचे, म्हणजे जुन्या गावठाणाचे, टेकाड मात्र उकरू नये, विशेषतः तेर-पैठणसारख्या गावांत. तो इतिहासाचा ठेवा आहे. जाळ लागतो तिथे सिमेंट टिकत नाही, कौलाचे तुकडे मातीत बसवावेत.

जुनी चूल मोडायची नसेल तर निदान जाळी घाला. दहा एमएमच्या गजाचे तुकडे बोटभर अंतराने जोडून जमिनीपासून दोन इंच उंच बसवले की खालून हवा मिळते, फुंकणी कमी लागते. गोवऱ्या जाळणाऱ्यांनी अंतर थोडे वाढवावे, नाहीतर राखेने जाळी बुजते. तुराट्या-पऱ्हाट्या, म्हणजे तुरीची आणि कापसाची वाळलेली झाडे, वीत-दीड वीत तोडूनच घालाव्यात. पऱ्हाट्यांचा ढीग लावण्याआधी त्यातली किडकी बोंडे वेचून जाळावीत; शेंदरी बोंडअळी त्यातच दडून राहते.

धुराडे असले तरी घराची खिडकी मुठीएवढी उघडी हवी, हवा आत आल्याशिवाय धूर वर जात नाही. थंड पाइप पहाटे ओढत नसेल तर पाइपाच्या बुडाच्या खिडकीत मूठभर कागद पेटवून तो आधी गरम करावा. आणि कोळशाची शेगडी किंवा पेटता बंब बंद खोलीत, बंद न्हाणीत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

जिल्हा परिषदांनी घरकुलाच्या नमुना नकाशात धुराड्याची जागा दाखवावी आणि स्लॅबपूर्वीच्या तपासणीत अभियंत्यांनी ती पाहूनच पुढचा हप्ता सोडावा, अशी आमची मागणी आहे. सहा इंची पत्र्याची नळी आणि गजाचे चार तुकडे, एवढाच तो खर्च आहे.

— चूल व धुराड्याची कामे करणारे गवंडी, परभणी जिल्हा