ती हसली, म्हणून दाखला नाकारला

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

माझी नऊ वर्षांची मुलगी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तपासणीला बसली होती. डॉक्टर म्हणाले, "जीभ बाहेर काढ." जीभ हलली नाही. "ओठ मीट." तेही जमलं नाही. हनुवटीवरून लाळ ओघळत होती, ती मी रुमालाने टिपत होते. तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाला मोठ्ठी शिंक आली आणि ती हसली, अगदी चेहराभर. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चेहरा हलतो की हिचा! नाटक करतेय."

महोदय, हा आजार असाच असतो. फ्रान्समधल्या फॉय, शावानी आणि मारी या डॉक्टरांनी १९२६ साली तो नोंदवला, म्हणून त्याला फॉय-शावानी-मारी सिंड्रोम म्हणतात. चेहरा, जीभ आणि घसा मनाप्रमाणे हलवणारा मेंदूचा भाग दोन्ही बाजूंना दुखावला, की ठरवून ओठही मिटता येत नाहीत. हसू, रडू, जांभई मात्र वेगळ्या वाटेने येतात आणि ती वाट शाबूत राहते. मोठ्यांमध्ये याला बहुतेकदा पक्षाघाताचे झटके कारण असतात. माझ्या मुलीच्या मेंदूला हर्पीसच्या विषाणूमुळे सूज आली होती. आधी ताप, मग आकडी. शुद्धीवर आली तेव्हा बोलणं गेलेलं, गिळणं गेलेलं, नाकात नळी. समजत मात्र सगळं होतं.

या सुजेवर औषध आहे, असायक्लोविर. नुसती शंका आली तरी, तपासणीच्या अहवालासाठी न थांबता, ते शिरेतून सुरू करायचं असतं, कारण उपचार न मिळालेल्या दहांतले सुमारे सात रुग्ण दगावतात. आमचे अहवालाची वाट पाहण्यात दोन दिवस गेले. ते आता परत येणार नाहीत, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

मागणं दाखल्याचं आहे. तपासणीच्या नियमांत एवढं घाला: रुग्ण हसला किंवा त्याने जांभई दिली, म्हणून लकवा नाही असं धरू नये, बोलणं आणि गिळणं वाचा-उपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. शिवाय वाचा गेलेल्या प्रत्येक रुग्णाच्या हाती पहिल्याच दिवशी पाटी किंवा अक्षरांचा तक्ता द्यावा. माझ्या मुलीला पेन्सिल मिळाली ती तिसऱ्या आठवड्यात. तिने पहिलं वाक्य लिहिलं, "मी मुद्दाम करत नाही."

पुढच्या महिन्यात फेरतपासणी आहे. काल रात्री तिने पाटी माझ्यापुढे धरली: "आई, तिथे परत हसू आलं तर?"

आपली,
एक आई