पाव्हणा घरी पोचला, मामा

ती. स्व. मामा यांना,
सा. न. वि. वि.

मुलगा म्हणाला, आई, असा मायना आता कुणी लिहीत नाही. पण मला हाच येतो.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, हॉस्पिटलचंही नाही. वॉर्डबॉय असून रात्री दोन वाजता पेशंटच्या बायकोला आयसीयूत घेत होतात हे कळलं, तर आता जिथे असाल तिथेही तुम्हाला बोलणी बसतील. सिंहगड रोडच्या वायरमनची बायको, ब्लाउज शिवणारी, एवढ्यावर ओळखाल. नाहीच ओळखलंत तर नुसतं ‘खाज’ म्हणते. आता ओळखलंत.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात आमच्या भागात जीबीएसचे, म्हणजे नसा लुळ्या पाडणाऱ्या आजाराचे, पेशंट निघायला लागले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. पेपरात रोज नवा आकडा यायचा. एनआयव्ही या विषाणू संस्थेच्या तपासणीत काही जणांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, आणि दोष विहिरीचा, टँकरचा की पाण्याच्या जारचा यावर सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं लागली. ह्यांना आधी तीन दिवस जुलाब झाले, ते थांबले, आणि आठवड्याने पायांना मुंग्या आल्या. १६ तारखेला सकाळी उजव्या पायातली चप्पल जिन्यात राहिली आणि ह्यांना पत्ताच नाही. संध्याकाळी तोच जिना चढवेना. तिसऱ्या दिवशी श्वास पुरेना म्हणून घशात नळी घातली.

डॉक्टरांनी नीट समजावलं. जंतूशी लढायला शरीराने जे सैन्य उभं केलं, ते स्वतःच्याच नसांवर उलटलं. नसेवरचं आवरण गेलं असेल तर लवकर भरून येतं, पण आतली तारच गेली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. ह्यांची तार गेली होती. पंचवीस वर्षं लोकांच्या घरात तारा ओढणारा माणूस! माझ्या हातात कायम टेप असते. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत किती मिलिमीटर होतात याचा मनात हिशेब केला, हजाराच्या जवळ गेल्यावर सोडून दिला.

पाच दिवस आयव्हीआयजी चाललं. सत्तर किलोच्या माणसाला अठ्ठावीस बाटल्या. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढतात, असं सिस्टर म्हणाल्या. त्यांचेही आभार मानायचेत, पण त्यांना पत्र कुठल्या पत्त्यावर घालू? पैसे कसे उभे केले ते सांगत बसत नाही. बांगड्या गेल्या, दिराने गाडी विकली.

तुमची आणि माझी पहिली गाठ वाईट पडली. चौथा-पाचवा दिवस असेल. संध्याकाळच्या पासवर आत आले, ह्यांचे उघडे डोळे बघितले आणि हुंदका आवरला नाही. मागून तुमचा आवाज आला, “ताई, पाव्हण्याला समदं ऐकू यायलंय. रडायचं असंल तर भाईर जाऊन रडा, मंग या.” मास्कमधूनही तंबाखूचा वास येत होता. मला इतका संताप आला की बाहेर येऊन सिस्टरकडे तुमची तक्रार केली. हे तुम्हाला कळलं होतं का, मला माहीत नाही. कळलं असेल तर तुम्ही ते कधी दाखवलं नाहीत. नसेल तर आज माझ्याकडूनच कळू दे.

वेटिंग हॉलमध्ये शेजारच्या चटईवरच्या काकूंनी सल्ला दिला की रात्रपाळीच्या मामांच्या हातावर काहीतरी ठेवत जा, म्हणजे लक्ष देतात. दुसऱ्या दिवशी मी दोनशेची नोट तुमच्या मुठीत कोंबली. तुम्ही ती उघडून बघितलीत, परत माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “ह्याचे अंडरपॅड आणा. वार्डातले संपल्यात.” मी खालच्या मेडिकलमध्ये पळाले. आल्यापासून मला कुणीतरी सांगितलेलं ते पहिलं काम. तोवर सगळे म्हणत होते, तुम्ही फक्त धीर धरा. दोन हात मोकळे ठेवून धीर कसा धरायचा, हे मला अजूनही येत नाही.

त्यानंतर कामं येत गेली. ह्यांची नखं काप. जिभेवरून ओला कापूस फिरव. घरून जुन्या मऊ सुती साड्या आण, घडी करून टाचांखाली द्यायच्यात. चादरीचं तर तुम्हीच शोधून काढलंत. पायांवर चादर ओढली की मॉनिटरवरचा नाडीचा आकडा चढतो, हे तुमच्या लक्षात आलं. हलता येत नाही म्हणजे दुखतही नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो. नुसत्या चादरीच्या स्पर्शानेही पाय जळायचे, हे ह्यांनी नंतर सांगितलं. तुम्ही सलाइनचं रिकामं खोकं कापून कमानीसारखं पायांवर ठेवलंत आणि चादर त्यावरून टाकलीत. सकाळच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनी खोक्याकडे बघितलं, नाडी बघितली, आणि दुखण्याचं औषध वाढवून दिलं. खोकं कुणी ठेवलं, हे काही त्यांनी विचारलं नाही.

आणि मग कूस. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला दोन्हीकडून धरून ओढायचं, म्हणजे दोन माणसं हवीत. रात्री तीन वॉर्डांत मिळून तुम्ही दोघंच. एके रात्री तुम्ही दार किलकिलं करून मला बोटाने बोलावलंत. “धरा तिकडनं. एक, दोन, इठ्ठल!” विठ्ठलाला ओढायचं, हे कळायला मला दोनदा चुकावं लागलं. मग दोनच्या आणि चारच्या कुशीला मीच असायची. नियमात बसत नव्हतं. सिस्टर त्या वेळी बरोबर फाइली लिहायला पाठ फिरवून बसायच्या, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

तुम्ही ह्यांना कधी पेशंट म्हणाला नाहीत. “चला पाव्हणं, कूस बदलायची.” “पाव्हणं, आज दाढी करू, लई वाढली.” मी एकदा विचारलं, पाव्हणं का? तर म्हणालात, “पाव्हणा म्हनलं की कवातरी जायचाच असतो की.”

गळ्याला भोक पाडून नळी बसवायची ठरलं, तो नेमका तेरावा दिवस निघाला. सासूबाईंना फोनवर मी बारावा सांगितला. त्यांनी काय ते ओळखलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी घरात गोडाचा शिरा केला आणि माझ्या मुलाला बळंच खायला घातला.

आता खाजेचं. नळी गळ्यात गेल्यावर तोंड मोकळं झालं, पण आवाज नाही, ओठही हलेनात. फक्त पापण्या. हो-नाही विचारून आम्ही थकलो होतो. दुखतंय का, नाही. पंखा, नाही. भूक, नाही. ह्यांचे डोळे रागाने भरून यायचे. तुम्ही म्हणालात की पोराला वहीचा पुठ्ठा आणायला सांगा, त्यावर क ख ग लिहा, आधी ओळ विचारा, मग अक्षर. मुलाने क-वर्ग, च-वर्ग असं सगळं ओळीने लिहिलं, खाली काना, मात्रा, वेलांट्या. तुम्ही सातवी शिकलेले. मी बी. कॉम. आहे, आणि मला हे सुचलं नव्हतं.

पहिली ओळ? पापणी मिटली. क? नाही. ख? मिटली. काना? मिटली. दुसरी ओळ? मिटली. च, छ, ज? मिटली.

मला वाटलं होतं माझं नाव येईल, निदान पोराचं. तीन आठवड्यांनी नवरा बोलला आणि बोलला काय, तर ‘खाज’. तुम्ही पट्कन विचारलंत, “कुठं? डोकं? कान? नाक?” नाकावर पापणी मिटली. नाकाच्या डाव्या बाजूला, नाकातल्या नळीची चिकटपट्टी लावली होती तिथे. तुम्ही ती सैल केलीत आणि हातमोज्याच्या बोटाने हळूहळू खाजवत राहिलात. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी हसत होते. किती दिवसांनी, कोण जाणे. तुम्ही मला बाहेर जाऊन हसा म्हणाला नाहीत.

दुसऱ्या दिवशीचा शब्द ‘मोटर’. धायरीत एकांच्या पाण्याच्या मोटरचं कनेक्शन अर्धवट राहिलं होतं. अंगातला एक स्नायू चालत नाही आणि माणसाला गिऱ्हाइकाची मोटर खुपतेय. दिराने जाऊन ते काम दुसऱ्याकडून करून दिलं, तसं येऊन सांगितलं, तेव्हा हे झोपले.

२१ फेब्रुवारीला पोराचा दहावीचा पहिला पेपर होता, मराठीचा. आदल्या संध्याकाळी तो पासवर आत आला आणि भिंतीला टेकून गप्प उभा राहिला. बापाकडे बघवत नव्हतं त्याला. तुमची पाळी नुकती सुरू झाली होती. “बापाला कविता म्हनून दाखव की, पाठ झाल्या का न्हाई त्याला बी कळू दे.” तो पुटपुटत एक म्हणायला लागला, मध्येच अडला. ह्यांनी डोळे वटारले. आमच्या घरात आधीपासून जसे वटारतात तसे. पोरगा खुदकन हसला आणि पुढचं कडवं त्याला आठवलं. जाताना तुम्ही त्याच्या हातात स्टीलचा छोटा डबा दिलात, मामींनी केलेली शेंगदाण्याची चटणी आणि दोन भाकरी. परीक्षेच्या सकाळी त्याने तेच खाऊन पेपर दिला. १३ मे रोजी निकाल लागला, ७८ टक्के. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ४१ दिवसांनी व्हेंटिलेटर सुटला. आधी खांदे उडवता आले, मग डावा अंगठा. फिजिओच्या मॅडमनी पहिल्यांदा पाय खाली सोडून बसवलं तेव्हा बीपी एकदम उतरलं, सगळे धावले, आणि चौथ्या दिवशी पुन्हा बसवलं. गळ्यातल्या नळीला झाकण लावून बोलायचा सराव सुरू झाला, त्या रात्री नेमकी मी घरी गेले होते. सकाळी तुम्हीच सांगितलंत, “पाव्हण्यानं मला मामा म्हनलं.” पहिला शब्द तुम्हाला! मला थोडा राग आला होता. अजून आहे.

१०३ दिवसांनी, २९ एप्रिलला, आम्ही निघालो. बिलाचा काउंटर, सह्या, ॲम्ब्युलन्स, सगळी धावपळ. डॉक्टरांना पेढे दिले, सिस्टरना दिले, लिफ्टवाल्यालासुद्धा दिले. तुमची रात्रपाळी, तुम्ही सकाळीच गेला होतात. म्हटलं, येऊ परत. दोन आठवड्यांनी पेढे घेऊन आले, तर गेटवरचा सिक्युरिटी म्हणाला, एजन्सी बदलली, जुने सगळे दुसरीकडे टाकले. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, ती माणसं आमची नव्हेतच, कंत्राटदाराची. शंभरावर रात्री आमच्या माणसाला उचलणारा माणूस कुणाचाच नव्हता म्हणजे.

आमची फाइल जाडजूड आहे. त्यात सगळ्या डॉक्टरांची नावं आहेत, डाएटिशियनचंही आहे. कुशीच्या तक्त्यात दर दोन तासांच्या रकान्यात सिस्टरची सही आहे. आजाराला नाव पडलं ते गिलेन आणि बारे या फ्रेंच डॉक्टरांचं. १९१६ मध्ये त्यांनी हा आजार लिहून ठेवला तेव्हा त्यांच्याबरोबर तिसरा एक होता, स्ट्रोल, पण रोजच्या नावात तो गळून गेला. मुलाने मोबाइलवर हे वाचून दाखवलं तेव्हा मला तुम्हीच आठवलात. पण फाइलच्या शेवटच्या पानावर एक ओळ आहे: बेडसोअर नाहीत. म्हणजे पडून पडून होणारी एकही जखम नाही. ती ओळ तुमची आहे. मी पेन्सिलीने बाजूला ‘मामा’ लिहून ठेवलंय.

आता हे काठी घेऊन चालतात. उजवं पाऊल अजून लोंबतं, बुटात स्प्लिंट घालावी लागते. स्क्रू ड्रायव्हर फिरवताना बोटं दमतात, म्हणून हाताखाली एक पोरगा ठेवलाय आणि त्याच्यावर खुर्चीतून ओरडणं चालू असतं. पाणी आम्ही सगळे उकळूनच पितो. रात्री कधी जाग आली तर हे स्वतःच कूस बदलतात आणि झोपेत ‘इठ्ठल’ म्हणतात. खोटं नाही सांगत.

मामींचा डबा आमच्याकडेच आहे. परवा घासताना झाकणावर कोरलेलं वाचलं, कुणाच्या तरी लग्नातला आहेर आहे, आणि त्यात तुमचं पूर्ण नाव आहे. एवढ्या दिवसांत मला ते पहिल्यांदा कळलं. तुमचं आयकार्ड नेहमी उलटं लोंबत असायचं. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून सासूबाईंनी दोनदा त्यात लाडू भरले, आणि तुमचा पत्ता लागेना म्हणून दोन्ही वेळा पोराने संपवले. घर तेच आहे, पहिला मजला. मामींना घेऊन या. रव्याचे आवडतात की बेसनाचे, तेवढं आधी कळवा.

तुमची,
पाव्हण्याची बायको