उतरताना बाळ का रडतं?

महोदय,
सुटीत पुण्याहून मुंबईमार्गे परदेशी निघणाऱ्या, लहान मुलांच्या पालकांसाठी. कान जास्त दुखतात ते विमान उतरताना. केबिनमधला हवेचा दाब वाढतो आणि मधल्या कानातून घशाकडे जाणारी बारीक नळी पटकन उघडत नाही. गिळलं की ती उघडते. म्हणून उतरण्याआधी अर्धा तास बाळाला जागं करून पाजावं. मोठ्याला घोट घोट पाणी. राजगिऱ्याचा लाडू तेव्हा नको, ठसका लागतो.

विमानात बाळाचा पाळणा (बॅसिनेट) लावता येतो ती जागा तिकिटासोबतच मागावी. कपड्यांचे दोन जोड हातातल्या बॅगेत, आईबाबांचाही एकेक (पहिला बहुधा खंडाळ्याच्या घाटातच खर्ची पडतो!). झोपेचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. काही मुलं त्याने उलट चेकाळतात.

— एक वाचक, कोथरूड, पुणे