डबीत बंद केलेला डॉलर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी पडली आहे, पण आई, तुला वाटते तेवढी नाही, आणि कानटोपी घालतो. जेवणाखाण्याचं नेहमीचंच चाललंय, ते पुन्हा लिहीत बसत नाही.

बाबा, तुमचा फोनवरचा प्रश्न अगदी रास्त होता. नाणं आपलं, चांदी आपली, मग ते कसं आहे हे सांगायला परक्या माणसाला पैसे कशाला मोजायचे? आई मागून म्हणाली, "फसवतील त्याला." तर आधी ही भानगड काय ते सविस्तर सांगतो, म्हणजे तिचाही जीव भांड्यात पडेल.

इथे अमेरिकेत नाणी तपासणाऱ्या पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या कंपन्या आहेत, एकीचं काम १९८६ साली सुरू झालं, दुसरीचं १९८७ साली. आपण फी भरून नाणं पाठवायचं. त्यांचे जाणकार ते वेगवेगळे बसून तपासतात, खरं-खोटं ठरवतात, मग त्याला १ ते ७० मधला एक आकडा देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबीत ते कायमचं बंद करून परत पाठवतात. हिला स्लॅब म्हणतात. सत्तरची ही पट्टी १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थांनी काढली, तीही फक्त जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी. ७० गुणांचं नाणं १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तो हिशेब केव्हाच मोडला, पट्टी मात्र राहिली.

आता यातली गंमत ऐका. साठ आणि त्यापुढची नाणी म्हणजे बाजारात न फिरलेली, कोरी. त्यातही ६४ आणि ६५ मधला फरक भिंगाखाली दिसेल न दिसेल असा, एखादा ओरखडा राणीच्या गालावर म्हणा (इथे लिबर्टीदेवीच्या गालावर). पण किंमत काही नाण्यांच्या बाबतीत दुप्पट-तिप्पट होते. अर्ध्या टक्क्याने फर्स्ट क्लास हुकावा, तसं. मग लोक काय करतात? ६४ ची डबी फोडतात आणि तेच नाणं पुन्हा पाठवतात, या वेळी ६५ मिळेल या आशेने! कधी मिळतोही, कारण शेवटी ते माणसाचं मत. त्यावर कडी म्हणजे, डबीतला आकडा बरोबर आहे की नाही हे पाहून वर हिरवं स्टिकर लावणारी आणखी एक कंपनी २००७ साली निघाली. परीक्षकाचा परीक्षक. मी हे ऑफिसातल्या एकाला हसत सांगितलं, तर त्याने गंभीरपणे विचारलं, "मग तुझ्या नाण्यांवर स्टिकर आहे का?" जुने संग्राहक मात्र नवख्यांना बजावतात की नाणं विकत घ्या, डबी नको. ते मला पटतं.

म्हणून मी सगळी नाणी पाठवत नाहीये. माझ्याकडचा १९२१ चा मॉर्गन डॉलर (इथला जुना चांदीचा डॉलर) झिजलेला आहे. एकट्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने त्या वर्षी चार कोटींच्या वर पाडले. त्याला डबीत घालायचं तर फी आणि टपालखर्चातच त्याची किंमत संपेल. १८८१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा सुंदर आहे, पण तसे सुंदर इथे ढिगाने मिळतात. तो मला हातात घेऊन बघायला आवडतो, डबीत गेला की कडा धरून फिरवायची सोय गेली. पाठवतोय तो फक्त १८७८ चा कार्सन सिटीचा. मागच्या बाजूला गरुडाखालच्या पानांच्या माळेखाली 'सीसी' अशी बारीक अक्षरं आहेत, ती कार्सन सिटीच्या टांकसाळीची खूण, आणि सगळा भाव त्या दोन अक्षरांना. तीच अक्षरं साध्या डॉलरवर चिकटवून विकणारे ठग आहेत. तेव्हा आई, फसवणूक होऊ नये म्हणूनच ही फी. मी वजन केलं, २६.७ ग्रॅम भरलं, बरोबर आहे, पण चिकटवलेली अक्षरं वजनात कळत नाहीत. रजिस्टर टपालाने विमा उतरवून पाठवेन, काळजी नको.

बाबा, लग्नाला येशील तेव्हा आपले राणीछाप रुपये घेऊन जा आणि तेही तपासून आण, असं तुम्ही म्हणालात. ते जमणार नाही. आपल्याकडच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू, ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि खरं सांगू का, आई ते दर दिवाळीला घासून लख्ख करते. घासलेल्या नाण्याला इथे आकडाच देत नाहीत, नुसतं 'खरं आहे, पण साफ केलेलं' असा शेरा मारतात. आई, रागावू नकोस. पूजेतले रुपये पूजेतच शोभतात.

तुमचा १९१८ चा पंचम जॉर्जचा रुपया मात्र जपा. त्या वर्षी युद्धामुळे आपल्याकडे लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागायला लागले, आणि इंग्रजांकडे चांदी पुरेना. तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा करून सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि बहुतेक चांदी हिंदुस्थानात रुपये पाडायला विकली. कोणत्या सालचे किती वितळले याची नोंदच ठेवली नाही, म्हणून इथले लोक आजही डोकं खाजवतात. तुमच्या कपाटातला रुपया कदाचित आधी इथला डॉलर असेल. मला हे वाचून भारी वाटलं.

आता कामाचं. ताईच्या कार्यालयाची उरलेली रक्कम महिनाअखेरीस तुमच्या खात्यात येईल. डॉलर विकून पैसे पाठवतोय असं आईच्या मनात आलं असेल, तर तसं काही नाही. तपासून आला की विकायचा का ते नंतर बघू, घाई नाही. कर्ज वगैरे काढू नका, एवढंच. साखरपुड्याला येणं होत नाहीये, रजा लग्नासाठी राखून ठेवली आहे. ताईला मी वेगळं लिहिलंय, ती चिडली आहे, चिडू दे, तिचा हक्क आहे. व्हिडिओवर मात्र मला पुढे बसवा, मागच्या वेळी नुसते पंखे दिसत होते.

त्या मुलीचा फोटो मिळाला. मावशीला नाही म्हणून कळवू नका आणि हो म्हणूनही नाही. मला तिच्याशी आधी फोनवर बोलू द्या. तिच्या घरच्यांना वाईट वाटणार असेल तर माझं नाव सांगा, तुमचं नको. बाबा, गुडघ्याची तपासणी पुढे ढकलू नका, तेही पैसे धरूनच पाठवतोय.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक वेळा)

ता. क. आई, रुपये घासलेले चालतील गं, ते विकायचे थोडेच आहेत.