तुझ्या नव्या गुडघ्यासाठी डबे निवडतोय

बॉथेल, वॉशिंग्टन
१२ एप्रिल

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टची तिकिटं काढलीत हे वहिनींच्या मेसेजवरून कळलं. तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की मी नकाशा उघडून बसतो. फोनवर तू म्हणालास, "तुझे ते जंगलातले डबे मलाही हुडकायचेत, फक्त उजवा गुडघा नवा आहे एवढं ध्यानात ठेव." ते ध्यानात ठेवूनच निवड चालली आहे. पण कुठला डबा चांगला हे मी कसं ठरवतो, ते फोनवर सांगून भागणारं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी खेळ काय आहे ते. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण फोन घेऊन तिथे जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा जसा होता तसा, जिथे होता तिथे ठेवून यायचं. सुरुवात झाली ती आमच्या शेजारच्या ओरेगन राज्यात. २००० सालापर्यंत अमेरिकी सरकार सामान्य माणसाच्या जीपीएसमध्ये मुद्दाम खोट मिसळत असे, शंभर मीटरपर्यंत चूक यायची. १ मे २०००च्या रात्री ती खोट काढली, आणि ३ मेला डेव्ह अल्मर या गृहस्थाने बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली लपवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. बादलीत पुस्तकं होती, एक गलोल होती, बीन्सचा सीलबंद डबासुद्धा होता. काही घ्या, काही ठेवा, एवढाच नियम. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत आणि त्यांचा हिशेब ठेवणारं ऑफिस सिएटलच्या फ्रीमाँट भागात आहे. त्या ऑफिसातही एक डबा आहे. तुझी पहिली सही त्याच वहीत व्हावी असं मला फार वाटतं.

आता तुझ्या गुडघ्याकडे वळू. प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात. एक, शोधायला किती अवघड. दुसरा, तिथवर पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याने वाढत जाणारे. म्हणजे एकूण ८१ जोड्या होतात, आणि त्या सगळ्या पुऱ्या करायचा ध्यास घेतलेली माणसं इथे आहेत. वाटेचा आकडा १ असेल तर तिथे चाकाची खुर्ची जाते. ५ असेल तर होडी, दोर असलं काहीतरी लागतं. तुझ्यासाठी मी वाट २ पर्यंतच धरली आहे, फार तर अडीच.

पण हे आकडे लपवणारा स्वतःच ठरवतो, हे विसरू नकोस. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने निघालो तेव्हा आपल्याला कुणीतरी "मध्यम आहे" म्हणून सांगितलं होतं आणि सबंध दिवस आपण त्या दगडधोंड्यांत काढला होता, आठवतंय ना? ज्याने सांगितलं त्याला ती खरंच मध्यम वाटत असणार. इथेही तसंच. शिवाय नव्या गुडघ्याला चढापेक्षा उतार छळतो, आणि आकडा उताराचं वेगळं काही सांगत नाही. म्हणून आकड्यावर न थांबता मी नकाशातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघतो. त्या दाटीने आल्या, म्हणजे उतार तीव्र असला, की डबा बाद.

शोधण्याच्या आकड्याची गंमत वेगळी आहे. ती सांगायला एक हकिकत सांगावीच लागेल.

आमच्याकडे टायगर माउंटन म्हणून डोंगर आहे. तिथल्या जंगलात एक डबा होता, शोध ३, वाट अडीच. सोबत एका ओळीची हिंट होती, 'लाकूडतोड्या कुठे उभा होता?' लेक तेव्हा अकरा वर्षांची. ऑक्टोबरात आम्ही दोघं गेलो. इथल्या झाडांखाली जीपीएस दहा-पंधरा मीटर सहज भरकटतो, बाण एकदा इकडे दाखवतो, एकदा तिकडे. खाली सगळीकडे कमरेएवढं नेचं, प्रत्येक गड्डा दुसऱ्यासारखा. हिंटमध्ये लाकूडतोड्या होता म्हणून आम्ही बुंध्यांच्या भोवती जमिनीवर शोधत राहिलो. दोन तासांनी हात चिखलाने माखलेले आणि डब्याचा पत्ता नाही. 'सापडला नाही' अशी नोंद केली. ती करायचीच असते, कारण त्यावरूनच मालकाला, म्हणजे डबा लपवणाऱ्याला, कळतं की डबा हरवला असेल. त्याने जाऊन बघितलं आणि डबा जागेवर असल्याचं कळवलं. नोव्हेंबरात पुन्हा गेलो. डिसेंबरात भर पावसात गेलो. तीनदा रिकाम्या हाती परतलो.

मग लेकीच्या शाळेची सहल एका संग्रहालयात गेली. संध्याकाळी घरी आली ती पाठीवरचं दप्तरही न काढता म्हणाली, "बाबा, लाकूडतोड्या जमिनीवर नव्हताच!" तिने तिथे जुने फोटो पाहिले होते. शंभर वर्षांपूर्वी इथली सीडरची अवाढव्य झाडं हातकरवतीने पाडत. झाडाचा बुंधा खाली फार पसरट, त्यामुळे तिथून कापणं परवडत नसे. म्हणून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर खोडात खाचा पाडायच्या, त्यांत फळ्या खुपसायच्या आणि दोघांनी त्या फळ्यांवर उभं राहून वरचं निमुळतं खोड कापायचं. जुन्या बुंध्यांवर त्या खाचा अजून दिसतात, दोन डोळे असावेत तशा. तीन फेऱ्यांत आम्ही त्या बुंध्यांना टेकून चहा प्यायलो होतो, पण मान वर करून त्या खाचा पाहिल्या नव्हत्या.

रविवारी चौथ्यांदा गेलो. लेकीला खांद्यावर घेतलं. तिसऱ्या बुंध्याच्या मागच्या खाचेत शेवाळाचा एक तुकडा उचलला तर आत हिरवट रंग दिलेला डबा. वही २००६ सालापासूनची, जलरोधक कागदाची, इथल्याच टॅकोमा शहरात तो कागद बनतो. तिच्यात कुणी पिल्लाच्या पायाचा ठसा उठवला होता, कुणी "वडिलांबरोबर आलो होतो, आज मुलाला घेऊन आलो" असं लिहिलं होतं. लेकीने मराठीत सही केली. त्या वहीतली ती पहिली देवनागरी सही. त्या बुंध्याला टेकून आम्ही साखर-तुपाची पोळी खाल्ली. ज्याच्या आजोबाने करवत ओढली असेल त्याला तो डबा शोध १ वाटला असता, आम्हाला तो ५ होता. तेव्हापासून मी शोधाच्या आकड्याला फार मान देत नाही, हिंट मात्र दहादा वाचतो.

मग मान कशाला देतो? पहिलं म्हणजे आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदींना. 'सापडला, आभार' अशा दोन शब्दांच्या नोंदी ओळीने असतील तर तिथे बघण्यासारखं काही नाही असं खुशाल समजावं. माणसं परिच्छेद लिहीत असतील, फोटो टाकत असतील, तर जागेत काहीतरी आहे. दुसरं, आवडीचे गुण. वर्गणीदार सभासदाला दहा डबे सापडले की एक गुण देता येतो, त्यामुळे कुणी ते उधळत नाही. पण नुसती बेरीज फसवते. गर्दीच्या जागी हजारोंनी माणसं येतात, तिथे दोनशे गुण सहज जमतात. आडवाटेच्या डब्याला पंधरा जणांनी शोधून बारा जणांनी गुण दिला असेल तर मी डोळे मिटून तिकडे जातो. तिसरं, शेवटचा कधी सापडला ती तारीख. वर्षभरात कुणाला सापडला नसेल तर पाहुण्याला तिथे न्यायचं नाही. आकाराचंही बघतो. अगदी बारीक, करंगळीच्या नखाएवढे चुंबकी डबे असतात, त्यांत सहीपुरती कागदाची गुंडाळी मावते. मला ते रुचत नाहीत. लष्करी गोळ्यांची जुनी पत्र्याची पेटी नीट दडवलेली असली, की तिचं झाकण उघडताना जो खट्ट आवाज होतो तो तुला ऐकवायचाच आहे.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती तुझ्याशी बोलतो. दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर लागतं. काही जण एखादा लांब रस्ता पकडून बरोबर तेवढ्या अंतरावर एकेक प्लास्टिकची डबी ठेवत जातात, कठड्यामागे, दर खांबामागे. मीही एका शनिवारी ओळखीच्यांबरोबर असा रस्ता केला. गाडी थांबव, उतर, सही कर, पळ. दिवसात चाळीस डब्या झाल्या. आज त्यातली एकही जागा डोळ्यांपुढे येत नाही. तो शनिवार वाया गेला याचं मला अजून वाईट वाटतं. तू आलास की आपण दिवसाला दोन डबे करू, तीन झाले तर डोक्यावरून पाणी.

पहिला बेत आयर्न गोट वाटेचा. घरापासून सव्वा-दीड तास, स्टीव्हन्स खिंडीकडे. जुन्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा हा मार्ग, १९२९ साली नवा लांब बोगदा झाला आणि हा सोडून दिला. रूळ गेले, आता त्यावरून माणसं चालतात. रेल्वेचा रस्ता असल्याने चढ शंभर फुटांत दोन-सव्वादोन फूट एवढाच, तुझ्या गुडघ्याला याहून चांगली वाट मिळणार नाही. बोरघाटातलं ते जुनं रिव्हर्सिंग स्टेशन तू मला दाखवलं होतंस, गाडी पुढे-मागे करत घाट कसा चढायची ते सांगत. इथेही पहिला बोगदा १९०० साली होईपर्यंत गाड्या तशाच, पुढे-मागे करत डोंगर ओलांडायच्या. म्हणून ही जागा मला तुलाच दाखवायची आहे.

ती जागा दुःखाचीही आहे. १९१०च्या फेब्रुवारीअखेर दोन गाड्या बर्फामुळे वेलिंग्टन स्थानकात दिवसचे दिवस अडकून पडल्या. १ मार्चला पहाटेच्या अंधारात वरून हिमकडा कोसळला आणि गाड्या दरीत गेल्या. ९६ माणसं मेली. त्यानंतर बांधलेली काँक्रीटची लांबच लांब छपरी अजून उभी आहे, आतून चालत जाता येतं. पहिल्यांदा मी तिथे एका डब्यासाठी गेलो होतो, आणि मालकाने डब्याच्या वेबपानावर ही सगळी हकिकत लिहून ठेवली नसती तर सही करून परत फिरलो असतो. तिथे आवाज आपोआप खाली येतो. खाली सीनिक नावाच्या जागी लाल रंगाचा जुना रेल्वे गार्डचा डबा ठेवला आहे, त्याच्याजवळ बसून जेवू.

दुसरा प्रकार वहिनींना आवडेल. त्यात डबा नसतोच, जागाच बघायची असते, अर्थकॅश म्हणतात त्याला. जमिनीची, खडकाची काही खासियत असते, आपण निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची. सिएटलच्या वेजवुड भागात घरांच्या मधोमध एक १९ फूट उंचीचा धोंडा आहे, हिमनदीने हजारो वर्षांपूर्वी आणून टाकलेला. त्याच्याभोवती फिरताना मला कुकडीकाठचे निघोजचे रांजणखळगे आठवले. तू एवढी वर्षं भूगोल शिकवलास, तिथला अर्थकॅश तूच तयार कर. त्या खळग्यांत पाणी आणि गोटे कसे फिरतात, खडक कसा कोरला जातो, हे विचारणारे चार नेमके प्रश्न तुझ्याइतके चांगले कोण काढणार? जागेची देखभाल करणाऱ्यांची परवानगी लागते, तेवढं तू बघ. बाकी कसं करायचं ते इथे बसून ठरवू.

येताना चपटे सोलचे बूट आणू नकोस, पकड असलेले आण. काठी माझ्याकडे आहे. डब्यात ठेवायला बारीकसारीक वस्तू घेऊन ये, लाकडी भोवरा, पितळी घुंगरू असलं काही. खाण्याचं काही नको, अस्वलं वासावर येतात. आणि एक वस्तू वेगळी काढून ठेव, तिला आपण नंबराचा बिल्ला लावू. मग ती डब्याडब्यातून माणसांच्या हातांनी पुढे पुढे जाते आणि कुठे पोचली ते आपल्याला कळत राहतं. लेक म्हणते, बंडूकाकाच्या भोवऱ्याने परत साताऱ्यापर्यंत यायचं. तिने त्याची वही आत्ताच करून ठेवली आहे.

गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस. डॉक्टरांना विचार, सलग किती चालायची मुभा आहे, आणि खरा आकडा मला कळव. तेवढ्यासाठी शेवटचे दोन डबे मी अजून पक्के केलेले नाहीत.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
आप्पा