काळ्या पुंगळ्या

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं, फोटोही नीट झूम करून पाहिले. तू स्वतः भरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या (गोळी सुटल्यावर उरणारी पितळी आवरणं) काळ्या येतायत म्हणून लगेच पावडर (काडतुसातली दारू) वाढवायचं तुझ्या डोक्यात आहे ना, ते आधी थांबव. काजळी किती आहे यापेक्षा ती नेमकी कुठे आहे हे बघ, ९० टक्के उत्तर तिथेच असतं असं माझं ठाम मत आहे.

गोळी सुटते तेव्हा प्रेशरने पितळ फुगतं आणि चेंबरच्या (रायफलीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला घट्ट चिकटतं, म्हणजे सील पुंगळीच करते. नेकवर (पुंगळीच्या तोंडाजवळच्या अरुंद मानेवर) थोडी काजळी, तीही शोल्डरच्या (मानेखालच्या उताराच्या) अलीकडे संपणारी, तर ते नॉर्मल आहे, त्याच्यामागे लागू नकोस. पण काळं शोल्डर ओलांडून बॉडीवर उतरलं असेल तर नेक वेळेत फुगत नाहीये. तू लोड (पावडरचं प्रमाण) हलका ठेवतोस, त्यामुळे पहिला संशय कमी प्रेशरवरच जातो. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून वेलॉसिटी बघ, काडतूस भरण्याच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा बरीच कमी आली तर झालंच, मग मॅन्युअलच्या मर्यादेत राहून थोडं थोडं वर जा, एकदम उडी नको. वेलॉसिटी बरोबर असेल आणि तरी काळं येत असेल तर पितळ बघ. तेच पितळ परत परत साइझ केलं (साच्यात दाबून मूळ मापात आणलं) की नेक कडक होतो, कडक नेक नीट फुगत नाही, त्यावर अ‍ॅनिलिंग (नेक तापवून पुन्हा मऊ करणं) हाच उपाय. आणि एकच बॅच घे रे, नवं-जुनं पितळ मिसळलं की काहीच कळत नाही.

आता सेमी ऑटोची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढची आपोआप भरणाऱ्या रायफलीची, वेगळी भानगड. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये तू उघडेपर्यंत बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) बंदच असतो, इथे मात्र बहुतेक रायफलींत गॅसच बोल्ट उघडतो, आणि गॅस जास्त मिळाला तर तो लवकर उघडतो, चेंबरमध्ये प्रेशर शिल्लक असतानाच पुंगळी बाहेर ओढली जाते. रिम (पुंगळीच्या बुडाची कड) वाकडा होतोय का, पुंगळ्या फार जोरात आणि पुढच्या बाजूला उडतायत का ते पाहा. सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) लावला असशील तर बॅकप्रेशर, म्हणजे गॅसचा मागे येणारा दाब, वाढतं, काजळीही वाढते, अ‍ॅडजस्टेबल गॅस ब्लॉक (बोल्टकडे जाणारा गॅस कमी-जास्त करायची सोय) असेल तर गॅस थोडा कमी करून बघ. एआर-१५ सारख्या रायफलीत गॅस ट्यूबमधून थेट बोल्ट कॅरिअरमध्ये (बोल्ट धरणाऱ्या भागात) येतो, तिथे सील उत्तम असूनही पुंगळीला थोडं काळं लागतं. आणि जी-३ या जर्मन रायफलीच्या पुंगळ्यांवर लांबीच्या दिशेने काळ्या रेघा दिसल्या तर घाबरू नकोस, तिचा चेंबर मुद्दामच खाचांचा आहे, त्या खाचांतून गॅस येऊन पुंगळी चिकटत नाही, रेघा त्याच्याच. स्टीलच्या पुंगळ्या पितळाइतक्या फुगत नाहीत, त्यांची काजळी बघून रायफलीला दोष देऊ नये.

एक गोष्ट मात्र मी मनापासून सांगतोय. प्रायमरच्या (बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या टिकलीच्या) कडेने काळं दिसलं किंवा प्रायमरला भोक पडलं, नेक फाटला, बुडाच्या थोडं वर चकचकीत रिंग दिसली, यापैकी काहीही दिसलं की फायरिंग तिथेच बंद कर. रिंग असेल तर टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवून बघ, खाच लागली तर ते पितळ फेकून दे आणि हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसासाठी उरणारी लांबी) गनस्मिथकडून गेजने तपासून घे, त्यात चालढकल नको.

आता प्रायमर आणि शोल्डरचे जवळून फोटो पाठव, सोबत वेलॉसिटीचे आकडे आणि सप्रेसर आहे की नाही तेही लिही. तोवर लोडला हात लावू नकोस.

तुझाच,
मित्र