थांबायला पोरी तयार आहेत, पण कधीपर्यंत ते तरी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नर्सिंगच्या ॲडमिशनचे सरकारी राउंड लांबत चाललेत, तर थांबायचं का सरळ दुसरीकडं नाव घालायचं हा विषय सध्या आमच्याकडं घरोघरी चाललाय, आमच्या पण घरात आहे, म्हणून लिहितेय. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली, सोलापूर जिल्ह्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. माझ्या बहिणीच्या मुलीने बारावी सायन्स करून एप्रिलात बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली, निकाल लागला, फॉर्म भरला, कागदपत्रं अपलोड केली, आणि मग बसलो आपले वेबसाईट उघडून बघत. तिच्या वर्गातल्या पोरी इंजिनीयरिंगला जाऊन पहिल्या युनिट टेस्ट देऊन आल्या, फार्मसीवाल्यांचं पण चालू झालं, आणि ही दिवाळीचा फराळ करायला घरीच. शेजारपाजारच्या बायका रोज विचारणार, काय गं लागला का नंबर. नाही लागला, राउंड चालूय. अजून? हो अजून.

एका बाजूला दाजी म्हणतात साध्या बी.एस्सी.लाच राहू दे, निदान ग्रॅज्युएट तरी होईल (तिचं नाव तालुक्याच्या सायन्स कॉलेजात घालून ठेवलंय, ओरिजिनल टीसी तिथं अडकलीय, तो वेगळाच ताप), दुसऱ्या बाजूला एजंटांचे फोन. त्यातला एक बेंगळुरूच्या कॉलेजचा, एक इथलाच, की मॅडम मॅनेजमेंट कोट्यातली सीट आहे, आज पन्नास हजार भरा आणि फिक्स करा, राउंडमध्ये तुमचा नंबर लागणारच नाही. रोज कानावर पडलं की माणूस हलतोच, दाजी पैसे काढायला निघालेच होते, ताईने अडवलं.

आता इथं एक गोष्ट पुष्कळ पालकांना माहितीच नाही. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, त्याप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ, पण ॲडमिशन सरकारच्या कॅप राउंडमधूनच (सीईटीच्या मार्कांवर सरकार एकत्र नंबर लावतं ते) झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की ही माफी गेली. म्हणजे जी पोरगी धीर धरून थांबते तिची चार वर्षांची फी वाचते, आणि जिच्या बापाचा धीर ऑक्टोबरात सुटला त्याने चार वर्षं कर्ज फेडायचं. राउंड जितका लांबतो तितके लोक कंटाळून तिकडं जातात. हा उशीर कुणाच्या पथ्यावर पडतो ते सांगायला नको.

भाचीने मला विचारलं, मावशी तू सांग, थांबू का. मी सांगितलं थांब, कॅप संपेपर्यंत थांब, पण थांबून मिळणार काय ते आधी नीट बघ. चार वर्षं, आठ सेमिस्टर, डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, हे कॅपमधल्या सगळ्याच कॉलेजात सारखं. फरक पडतो तो हॉस्पिटलने. नियमाने कॉलेजचं स्वतःचं कमीत कमी शंभर बेडचं हॉस्पिटल पाहिजे, आणि कागदावर असतंच. बेडवर पेशंट असतात का? आमच्याकडं मागच्या वर्षी एक मुलगी जॉईन झाली, मार्क चांगले, इंग्लिश आमच्यापेक्षा चांगलं, आणि पहिल्या नाईटला एका म्हाताऱ्या आजींना आयव्ही (सलाईनची सुई) लावायची तर हात थरथरायला लागले. टुर्निके बांधला, शीर बघितली, सुई घेतली आणि तशीच उभी. विचारलं तर म्हणाली सिस्टर, आम्ही डमीच्या हातावरच केलंय जास्त, आमच्या वॉर्डात कॉलेजच्या तपासणीच्या दिवशीच बेड भरायचे. मग मी तिचा हात धरून करून घेतलं, आता ती माझ्यापेक्षा फास्ट लावते तो भाग सोडा, पण चार वर्षांत कॉलेजने काय केलं? म्हणून भाचीला म्हटलं, ऑप्शन फॉर्म (कोणती कॉलेजं हवीत तो) भरताना बिल्डिंगचे फोटो बघू नको, एक दिवस जाऊन त्या हॉस्पिटलच्या ओपीडीत नुसती बसून ये, केसपेपरला लाईन आहे का बघ.

आणि सरकारी दवाखान्याला जोडलेल्या स्कूलमध्ये जीएनएमला नंबर लागत असेल तर नाक मुरडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तीन वर्षांचा कोर्स, वॉर्ड कायम भरलेला, हात बसतो. पुढं पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत करून डिग्री पण होते. तोटा आहे, नाही असं नाही. एम्स या केंद्र सरकारच्या मोठ्या हॉस्पिटलांच्या नॉरसेट या नर्स भरतीच्या परीक्षेला बी.एस्सी. नर्सिंगवाली पोरगी पास होऊन रजिस्ट्रेशन झालं की लगेच बसू शकते, जीएनएमवाल्याला पन्नास बेडच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिथला नर्सिंग ऑफिसर म्हणजे बेसिकच ४४,९००, त्यामुळं ज्या पोरीला तिकडं जायचंय तिने बी.एस्सी.साठी महिना दोन महिने जास्त थांबलं तरी चालेल. बाकी ते एक वर्षाचे 'नर्सिंग केअर'चे डिप्लोमे आहेत ना, बसस्टँडसमोर बोर्ड लागलेले असतात, त्याच्या वाटेला जाऊच नये, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही म्हणजे तुम्ही नर्स नाही, विषय संपला.

नोकरीचं पण खरं सांगते, कारण रील्समध्ये सगळे जर्मनीच दाखवतात. महाराष्ट्राने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा २०२४ ला करार केलाय हे खरं, पण जर्मन भाषा शिकायला पण वर्ष जातं आणि तोपर्यंत इथंच पोट भरायचंय. तालुक्याला फ्रेशर पोरीला बारा-पंधरा हजार देतात. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून २०१६ ला केंद्राने नेमलेल्या समितीने लहानातल्या लहान खाजगी हॉस्पिटलात पण वीस हजार तरी द्या म्हणून शिफारस केली होती, ती फाईलमध्येच. सरकारी भरती निघते तेव्हा निघते, आणि जुलै २०२५ ला सरकारी नर्सेस संपावर गेल्या, त्यात कंत्राटी भरती नको ही पण मागणी होती. हे सगळं भाचीला सांगून झालंय. ती म्हणते तरी मला हेच करायचंय. मग करू दे की, बारा तासाची ड्युटी काय असते ते ती माझ्याकडं बघून लहानपणापासून बघतेच आहे.

सीईटी सेलला (परीक्षा आणि राउंड घेणारं सरकारी ऑफिस) आणि वैद्यकीय शिक्षण विभागाला एवढंच म्हणणं आहे की सीईटी एप्रिलात घेता तर राउंडच्या तारखा पण निकालाबरोबरच सांगा, आणि लांबणार असेल तर लांबणार म्हणून आधी सांगा, रात्री अकरा वाजता वेबसाईटवर नोटीस टाकू नका, आमच्याकडं सगळ्यांच्या घरी नेट धड चालत नाही. दुसऱ्या कॉलेजात तात्पुरती ॲडमिशन घेतलेल्या मुलींची टीसी आणि मार्कशीट मागितल्यावर दोन दिवसांत परत मिळाली पाहिजे असा आदेश काढा, कारण नंबर लागल्यावर कॉलेजात कागदपत्रं घेऊन हजर व्हायला दिवस देता मोजके आणि ते सगळे त्या क्लार्कच्या टेबलासमोरच जातात. यंदा नाही लागला तर पुढच्या वर्षी परत सीईटी, परत फी, नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपली की तो दाखला परत, हा खर्च कुणी धरत नाही.

आणि या एजंटांकडं पोरींचे मोबाईल नंबर येतात कुठून, हे पण एकदा कुणीतरी बघा. भाचीचा नंबर घरच्या चार लोकांशिवाय कुणाकडं नव्हता.

आपली,
एक स्टाफ नर्स, जि. सोलापूर